मोटारखान्यापुढला पिंपळ

भट्टी बसवून झाली आणि मोटारखान्याचं दार लागेना.

आधी बन्सीधरनं ढकलून पाहिलं, मग दिनकररावांनी, मग दोघा भावांनी मिळून. मोटार आत गेली होती, पण पेट्रोलऐवजी कोळशाच्या वायूवर चालावी म्हणून तिच्या पाठीमागं नव्यानं जोडलेली भट्टी उंबऱ्याबाहेर राहिली होती, आणि सागवानी दार त्या भट्टीला टेकून अर्ध्यात थांबलं होतं. भट्टीचा सल्ला ताडकळसच्या माणिकरावांचा. त्यांनी उपरण्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मोटार लांब झाली."

"मोटार न्हाई लांब झाली," दिनकरराव म्हणाले. "मोटारखाना आखूड झालाय."

मोटारीत दोष काढलेला त्यांना खपत नसे. त्यांची बायको मनकर्णा ओसरीवर मुंजीचे तांदूळ निवडत बसली होती. तिनं हे ऐकलं आणि ती सुपातच बघत राहिली. मोटारखाना आखूड झाला म्हणजे तो लांब करणं आलं. मागच्या भिंतीला लागून विहीर होती, तेव्हा लांब करायचा तो पुढच्या अंगानं. आणि पुढच्या अंगाला, दाराच्या तोंडाशी, मोटारीची वाट सोडून एका बाजूला, तिचा पिंपळ उभा होता.

लढाई सुरू झाल्यावर पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं, पुढं पुढं चिठ्ठी मिळे पण पेट्रोल मिळेना, आणि पिंगळीच्या देशपांड्यांची मोटार मोटारखान्यात जाऊन बसली. मोटार चालत नाही म्हटल्यावर भावांना मोटारखान्याकडे बघायला फुरसत झाली. पत्रे जाऊन कौलं आली. मातीच्या जागी शहाबादी फरशी आली, कारण मोटारीला ओल बाधते. फरशीत माणूस मावेल एवढा खड्डा घेतला, म्हणजे खाली उतरून मोटारीचं पोट बघता येईल. मोटारीला त्या काळात पोटाचा काही आजार नव्हता, पण बघायची सोय झाली. दार तर सुतारानं मोटारीचं माप घेऊन बेतलं, आणि ते इतकं नेमकं बसलं की माणिकराव खास ते लावताना बघायला आले. एरवीही ते दर शुक्रवारी, कचेऱ्या बंद असत तेव्हा, बैलांच्या दमणीत बसून येतच. त्यांचीही मोटार घरीच बसून होती. मग तिघं जण बॉनेट उघडून आत बघत उभे राहत, आणि चहा दोनदा बाहेर जाई.

उन्हानं मोटारीचा रंग उडतो म्हणून लढाईच्या कितीतरी आधीच मोटारखान्याभोवती लिंबं लावली होती. दारापुढचा लिंब पहिल्याच उन्हाळ्यात वाळला, तेव्हा मनकर्णेनं विहिरीच्या कठड्यात उगवलेलं पिंपळाचं रोप अलगद सोडवून त्या आळ्यात लावलं. तिनं विचारून लावलं होतं. "मोटारीला सावली होईल," म्हणून परवानगीही मिळाली होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती. त्या रोपाला पाणी घालताना तिला बरं वाटे. पिंपळाला यंदा आठवं लागलं, आणि तिनं वैजीनाथगुरुजींना विचारून त्याची मुंज धरली. मूल नसलेल्यानं पिंपळाची मुंज करावी आणि त्याला मुलगा मानावं, ही चाल गुरुजींच्या पोथीत होती तशी गावातही होती. मुंज लागलेल्या पिंपळाला पुढं कुणी कुऱ्हाड लावत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

मुंज परवावर आली होती, आणि भट्टी आज आली.

"त्यात काय," बन्सीधर म्हणाला. "पिंपळ काढला की भिंत पुढं घेता येती. लिंबाजी! कुऱ्हाड घेऊन ये रे."

लिंबाजी, घरचा जुना सालगडी, गोठ्यातून आला, पण मोकळ्या हातानं. "मालक, सांगाल ते झाड पाडतो. पिंपळ न्हाई पाडणार. त्यात मुंजा असतोय."

"अरे, एवढ्याशा झाडात कोण राहायला येतंय?"

"आला न्हाई तर येईल की. मग म्या पाडलं म्हणून माझ्याच मागं लागंल. तुमी मोटारीत बसून पळताल, म्या कशात बसू?"

 तेवढ्यात ओसरीच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला, "दिनकर, मोटार अशी उन्हात ठेवायलास का? रंग जाईल की रे बाबा तिचा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पार्वतीबाई बोलत होत्या. दिनकररावांच्या या थोरल्या बहिणीला मोटारीचा असा काही विटाळ होता की एकदा नाइलाजानं तिच्यात बसून स्टेशनापर्यंत गेल्या तर परत आल्यावर डोक्यावरून न्हाल्या होत्या. त्या आठवड्याभरापूर्वी बोरीहून आल्या तेव्हाही मोटारखान्यावरून जाताना त्यांनी नाकाला पदर लावला होता. त्याच बाई आता मोटारीच्या रंगाची काळजी करत होत्या.

"अक्का, तुमाला मोटारीचं कसं काय सुचलं?" बन्सीधर म्हणाला.

"का, घरची लक्ष्मी हाय ती. झाडाचं काय, झाड कुठंबी लावता येतं."

मनकर्णेला यात नवल वाटलं नाही. वन्सं बोरीहून नुसत्या आल्या नव्हत्या. त्यांच्या जावेची भाची लग्नाची होती, अंगानं दणकट, घरकामाला चपळ, आणि मुलीकडचे ती दिनकररावांना सवतीवर द्यायला तयार होते. दिनकररावांनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. परवा ते पिंपळाचे बाप म्हणून पाटावर बसले असते तर चारचौघांत मुलगा कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि मग बोरीचा विषय काढायला तोंड राहिलं नसतं. म्हणून पार्वतीबाईंना मोटार एकाएकी आवडू लागली होती. पिंपळ गेला की मुंज गेली, आणि मुंज गेली की मनकर्णेला बाजूला सरकायला सांगायचं तेवढं राहत होतं.

माणिकरावांनी तोडगे सुचवायला सुरुवात केली. मोटार तिरपी लावावी. ती तिरपी बसेना. मोटार उलटी लावावी, म्हणजे तोंड बाहेर आणि भट्टी आत. तेव्हा तोंड उन्हात राहिलं, आणि दिनकररावांना ते बघवेना. शेवटी माणिकराव म्हणाले की पिंपळ मुळासकट खणून दुसरीकडे लावावा, त्यांनी परभणीत एका साहेबाच्या बंगल्यावर असं केलेलं पाहिलं होतं.

"जगला का तो?" मनकर्णेनं ओसरीवरूनच विचारलं.

माणिकराव थोडा वेळ आठवत राहिले. "लावताना मी व्हतो. पुढचं विचारायचं राहिलं."

जेवणाच्या वेळी, ओसरीवर ताटं वाढून झाली तेव्हा, कमलबाईनं, म्हणजे बन्सीधरच्या बायकोनं, त्याला आमटीचं मीठ बघायला आत बोलावलं. मीठ बघायला बराच वेळ लागला. चुलीजवळ काय बोलणं झालं ते मनकर्णेला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. कमलबाईला दोन मुलगे होते. दिनकररावांना मूल नाही झालं तर सगळं वतन पुढं त्या दोघांचं. बोरीची दणकट पोरगी घरात आली तर तसं राहणार नव्हतं, आणि ही गोष्ट मोटारखान्याच्या नादात बन्सीधरच्या ध्यानात आली नव्हती. तो बाहेर आला तो कपाळावर आठ्या घेऊन, आणि थेट पिंपळाखाली जाऊन उभा राहिला.

"दादा, मी काय म्हणतो," तो म्हणाला, "सावली लय गार हाय बरं का ह्याची."

"सकाळी तूच कुऱ्हाड मागायलास ना?"

"सकाळी सावली ह्या अंगाला नव्हती." मग त्यानं वर बघून हात जोडले. "आणि वैनींनी लेकरासारखा वाढवलाय त्याला. आपल्या घराण्यात पिंपळ तोडल्याचं मी तर कधी ऐकलं न्हाई."

पार्वतीबाईंनी ताट पुढं सरकवलं. "कमल, तुझ्या आमटीत मीठ जास्त झालंय ग."

"हो का?" कमलबाई म्हणाली. "ह्यांनी बघितलं की, ह्यांना बेताचं वाटलं."

मनकर्णा मुकाट वाढत राहिली. भाऊजी आपल्या बाजूला का आले हे तिला पुरतं कळत होतं, आणि तिला त्याचा रागही आला नाही. कशासाठी का असेना, माणूस येऊन उभा राहिल्याशी मतलब. पण ज्यांनी पाटावर येऊन बसायचं होतं ते समोर खाली मान घालून भात कालवत होते, आणि त्यांच्या मनात काय आहे ते त्यांच्या बायकोला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ओळखता येत नव्हतं.

दुपारी घर आडवं झाल्यावर ती मोटारखान्यात गेली. दिनकरराव खड्ड्यात उतरले होते. मोटारीखालून पान्याचा आवाज येत होता आणि त्यांच्या टोपीचा शेंडा तेवढा दिसत होता. ती खड्ड्याच्या कडेला फरशीवर बसली.

"ऐकलं का?"

"बोल. ब्रेक बघायलोय."

"झाड पाडायचं असलं तर पाडा. मी आडवी पडणार न्हाई. पण ते मोटारीसाठी पाडायलाव का बोरीच्या पोरीसाठी, तेवढं सांगा."

पान्याचा आवाज चालू राहिला. "कुणी पाडायलंय? अजून काही ठरलं न्हाई."

"तुमचं ठरत न्हाई म्हणूनच दुसरे ठरवायलेत." तिनं पदरानं मान पुसली. "माझ्या मावशीकडं दुसरी आणली, तेव्हा मावशीला कुणी घालवून दिलं न्हाई हो. मोठ्या मानानं ठेवलं. नुसतं तिचं ताट आधी वाढायचे ते मागून वाढायला लागले. मग किल्ल्या गेल्या. मग ती देवघराजवळच्या खोलीत झोपायला लागली, अन् कुणी विचारलं तर म्हणायची, तिथं वारा चांगला येतो. मी लहान होते. मला ते खरंच वाटायचं."

खाली पाना फिरत राहिला.

"मला भीती वाटायलीय," मनकर्णा म्हणाली.

पाना थांबला. ती असं काही कधी बोलली नव्हती. प्लेगात गाव सोडून रानात राहायला गेले तेव्हाही बोलली नव्हती. दिनकररावांचं डोकं मोटारीखालून थोडं बाहेर आलं. नाकाला काळं लागलं होतं. ते काहीतरी म्हणतील म्हणून ती थांबली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"फरशी तापलीय," ते म्हणाले. "बसू नको तिच्यावर."

एवढंच. ती उठून घरात आली आणि लाडू वळायला बसली. तिला वाटलं, झालं, हे असंच होणार. हे भांडणार नाहीत, घालवणारही नाहीत, हे नुसते खड्ड्यात उतरून बसतील आणि वर जे होईल ते होऊ देतील. तिला नवऱ्याचा इतका राग आला की लाडू वळता वळता फुटला.

मुंजीच्या सकाळी मात्र बन्सीधरनं कशाची म्हणून कमी ठेवली नाही. पिंपळाला मांडव घातला, दोन्ही बाजूंना केळीचे खांब उभे केले, सनई-ताशावाले बोलावले, माणिकरावांना मुद्दाम दमणी पाठवून आणलं. न्हाव्याला बोलावून पिंपळाचं जावळ काढवलं. त्यानं वस्तरा नुसता टेकवला, चार पानं खुडली आणि लेकरू लय गुणी हाय, हाललं न्हाई, असं म्हणून बिदागी घेतली. गुरुजींनी खोडाला हळदीचं पाणी घातलं आणि फांदीला पिवळी लंगोटी बांधली. पार्वतीबाई ओसरीच्या शेवटच्या खांबाशी पिंपळाकडे पाठ करून बसल्या होत्या. मोटारखान्याचं दार मिटलेलं होतं, आणि आतून सकाळपासून ठोकाठोक ऐकू येत होती. भट्टीसकट मोटार आत असताना दार मिटलं कसं आणि आत ठोकतंय कोण, याचा विचार कुणी केला नाही. सगळे घाईत होते.

मातृभोजनाला मनकर्णा खोडाला टेकून बसली. मुंजीआधी मुलगा आईच्या ताटात शेवटचा जेवतो, मग तो तिचा राहत नाही. गुरुजींनी सांगितलं तसा एक घास तिनं मुळाशी ठेवला आणि एक आपल्या तोंडात घातला. बायका हसतील असं तिला वाटलं होतं, आणि काही हसल्याही. पण दुसरा घास ठेवताना तिला रडू कोसळलं, आणि मग हसणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. कमलबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिनं वतनासाठी ठेवला असेल, पण उचलला नाही.

"आता यजमान," गुरुजी म्हणाले. "दिनकरराव कुठायत?"

पाट रिकामा होता.

"मुहूर्त जायलाय बरं का," गुरुजी पुन्हा म्हणाले.

"मी बसू का?" बन्सीधर उपरणं सावरत पुढं झाला. "काका बी बापासारखाच."

"बाप असताना काका कसा बसंल?"

"त्याच्या मनात न्हाई, तर ओढून बसवायचं का?" पार्वतीबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मी पहिल्यापासून सांगायलेय. झाडाला पोरगा म्हणून कुणाचं घर चाललंय का?"

सनईवाला बिचारा थांबला. मनकर्णा पाटाशेजारी उभी होती. वन्सं बोलल्या ते लागलं, पण त्याहून त्या रिकाम्या पाटाचं लागलं. कुणीतरी आपल्याला आत घेऊन जावं असं तिला वाटू लागलं.

ठोकाठोक थांबली. मोटारखान्याचं दार उघडलं आणि दिनकरराव बाहेर आले. हात कोपरापर्यंत काळे, धोतर काळं, आणि त्यांच्या मागं, शहाबादी फरशीवर, मोटार संपूर्ण आत उभी. भट्टी तिच्या बाजूला आडवी पडली होती.

माणिकरावांनी चष्मा पुसला. "भट्टी काढली?"

"काढली."

"मग मोटार चालंल कशावर?"

"चालणार न्हाई."

"लढाई संपंपर्यंत?"

"लढाई संपंपर्यंत."

माणिकराव खरोखर हळहळले. परवा भट्टी लावल्यावर लगेच मोटार पिंगळी स्टेशनापर्यंत जाऊन आली होती, सबंध गाव बघायला जमलं होतं, आणि दिनकरराव त्या दिवशी जसे हसले होते तसे लग्नातही हसले नव्हते. हे मनकर्णेलाही माहीत होतं. लग्नात ती शेजारीच होती.

"हात धुवा," गुरुजी म्हणाले. "आचमन करा. बसा."

दिनकररावांनी हात धुतले, सोवळं नेसले आणि पाटावर बसले. नखांतला कोळसा निघाला नाही. जानवं खोडाला गुंडाळलं. मग बापानं मुलाच्या कानात गायत्री सांगायची वेळ आली आणि गुरुजींनी बाप आणि झाड दोघांवर मिळून एक शेला धरला.

"उजव्या कानात सांगायचा," गुरुजी म्हणाले.

"ह्याचा उजवा कोणता?" शेल्याखालून आवाज आला.

गुरुजींनी विचार केला. "पूर्वेला तोंड करून बसलाय असं धरा."

शेल्याखाली कुजबुज सुरू झाली. मंत्र संपायला हवा होता तेव्हा संपला नाही. गुरुजी खाकरले. बन्सीधरनं माणिकरावांकडे पाहिलं. मनकर्णा सगळ्यांत जवळ उभी होती; तिला शब्द कळले नाहीत, पण ते संस्कृत नव्हतं एवढं कळलं. मध्ये एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. मग शेला हलला आणि दिनकरराव बाहेर आले. त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि ते कुणापासून लपवायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"अक्का," त्यांनी हाक मारली.

पार्वतीबाई पहिल्यांदाच वळल्या.

"बोरीच्या पाहुण्यांना कळवून टाका. पोरगी चांगली हाय, तिला चांगलं स्थळ बघा म्हणावं. घरात मुंज झालेला पोरगा असताना बापानं बोहल्यावर चढणं बरं दिसत न्हाई."

 बन्सीधरनं खूण केली आणि सनई वाजू लागली, पण फार मोठ्यानं नाही.  पार्वतीबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला, त्या उठल्या आणि मांडवाच्या कडेला येऊन बसल्या. पिंपळाकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

"भिक्षावळ," गुरुजी म्हणाले. "पहिली भिक्षा आईला मागायची. बटूला मागता येत न्हाई, तेव्हा त्याच्या वतीनं बापानं मागावी."

दिनकररावांच्या हातात झोळी दिली. मनकर्णा तांदूळ आणि लाडवांचं ताट घेऊन समोर उभी राहिली. इतक्या वर्षांत या माणसानं तिच्याकडे पाणीसुद्धा मागून घेतलं नव्हतं. हात पुढं केला की पाणी येत असे. ते तिच्यासमोर झोळी पसरून उभे राहिले, घसा साफ केला आणि खाली बघून पुटपुटले, "भवति भिक्षां देहि."

सगळा मांडव तिच्या हाताकडे बघत होता. ताट जड होतं, पण तिनं ते तसंच धरून ठेवलं.

"ऐकू न्हाई आलं," मनकर्णा म्हणाली.

दिनकररावांनी मान वर केली. तिच्या डोळ्यांकडे बघून, झोळी आणखी थोडी पुढं करून, ओसरीच्या शेवटच्या खांबापर्यंत जाईल एवढ्या आवाजात त्यांनी पुन्हा मागितलं. मग तिनं वाढलं.